हिलाही हात लावायचा नाही!

सुनेने न्हाणीघराचा नळ मोठा सोडला की सासूबाईंचे कान टवकारायचे. पाण्याच्या आवाजाआड ओकारी लपत नाही, हे दोन बाळंतपणं झालेल्या बाईला कोणी शिकवायचं? त्या मनोमन खूश होत्या. पहिला नातू आता शाळेत जाऊ लागला होता, दुसऱ्याची वेळ झालीच होती.

पण सून काही बोलेना. मग एका सकाळी ती नवऱ्याबरोबर बाहेर गेली, परतली ती पांढरीफटक होऊन, आणि गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर ओकाऱ्या बंद!

सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"काय होतंय गं तुला?"

"पित्त झालं होतं, आई."

"इतकं?"

"इतकं."

मुलाला विचारलं, तर त्याने मोबाइलमधून मानच वर केली नाही. दोघं मिळून आपल्याला उल्लू बनवताहेत, ही सल काही जाईना. सून कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना, सासूबाईंची नजर तिच्या पोटावर.

नवा कायदा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. दिवस राहिले की सरकारदरबारी कळवायचं, परवानगीवाचून गर्भ पाडायचा नाही. जिन्यात पाटीच लागली होती: 'संशय आल्यास कळवा.' सासूबाईंनी कळवलं नाही. चादरी द्यायला गेल्या आणि इस्त्रीवालीजवळ मन मोकळं केलं, एवढंच. "कुणाला सांगू नकोस हं," असंही बजावलं. आणि अशी बजावलेली गोष्ट जिथे जायची तिथे गेली.

आठवडा उलटायच्या आत दारात सरकारी पथक. एक साहेब आणि एक गोड बोलणाऱ्या बाई. साहेबांनी न विचारता न्हाणीघरातली कचऱ्याची टोपली उपडी केली. सून कोपऱ्यात उभी, ओठ घट्ट मिटलेले.

"गप्प बसून काही होत नाही," बाई तिला म्हणाल्या. "तपासणीला चला. अंग खोटं बोलत नाही." मग त्यांची नजर सासूबाईंच्या लेकीवर गेली; ती नुकतीच कॉलेजातून आली होती. "आणि ही? लग्न व्हायचंय ना अजून? हिचीही करून घेऊ. एका घरात एकीला वाट सापडली की दुसरीलाही सापडते."

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या लेकीला हात लावायचा नाही!"



"आणि मला, आई?" सून हळूच म्हणाली. "मला लावला तर चालेल?"

अरेरे! चाबूक बसावा तसा तो प्रश्न बसला. सासूबाई उठल्या आणि सुनेच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"हिलाही हात लावायचा नाही. कोर्टाचा हुकूम आणलाय?"

"अहो काकू, खबर तर तुमच्याकडूनच आली!"

"खबर कसली? ती चहाडी होती. मी काही पाहिलेलं नाही, मला नुसता संशय आला होता."

पथक गेलं, पण प्रकरण मिटलं नाही. कोर्टात हेलपाटे झाले. भर कोर्टात सासूबाईंनी तेच सांगितलं, मान खाली घालून. सुनेच्या वकीलबाई न्यायाधीशांना म्हणाल्या, "रस्ते, कर, तुरुंग, सगळं सरकारचं असेल. पण बाईचं शरीर हे सरकारी आवार नव्हे. तिथे काय वाढवायचं, ते तिनंच ठरवायचं." कायदा काही बदलला नाही, पण ऐकीव गोष्टीवरून कुणाची तपासणी करता येणार नाही, एवढा निकाल मिळाला.

घरी आल्यावर सासूबाईंनी सुनेला एक अक्षर विचारलं नाही. कितीदा तरी जिभेवर आलेलं गिळलं.

एका दुपारी भाजी निवडताना सून आपणहून म्हणाली, "आई, तुम्ही विचारत नाही, म्हणून सांगते. होतं. आम्हाला दुसरं नको होतं. मला नको होतं."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. रागावावं की रडावं, कळेना. मग त्यांनी विचारलं, "फार दुखलं का गं?"

सून होकारार्थी मान हलवून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

वाचकहो, कायदा बाहेरून येतो, पण त्याला आत घेते ती आपली संशयी नजर. लेकीचं अंग आपल्याला पवित्र वाटतं, तसंच सुनेचं, शेजारणीचं, अनोळखी बाईचंही वाटलं पाहिजे. तिच्या देहाचा निर्णय तिचाच! आपल्याला विचारायचंच असेल, तर एवढंच विचारावं: "दुखतंय का?"