अंगठ्याचा खळगा

सासरे गेल्यावर त्यांचा पायाने चालवायचा जुना लेथ माझ्या नवऱ्याने, निलेशने, गोवंडीच्या दुकानातून आमच्या बोरीवलीच्या घरात आणला आणि माझी गॅलरी गेली. गिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांनी, काशीरामांनी, याच लेथवर पलंगाचे पाय आणि लाटणी कातून घर चालवलं होतं. मुलाला मात्र आयुष्यभर एकच ऐकवलं, "तुझ्या हाताला वळण नाही." आता माझ्या नवऱ्याला त्याच मशीनवर एक तरी धड लाटणं काढून दाखवायचं होतं. कोणाला, ते विचारायची सोय नव्हती.

गंज निघाला, नवा पट्टा चढला, चाक झकास फिरायला लागलं. पण पायडल भलतंच डावीकडे होतं. कोणीतरी चुकीचं जोडलंय म्हणून निलेशने ते उजवीकडे घेतलं. तरी पटाशी लाकडाला लागली की उडायची. तिच्या मुठीला झिजून एक खळगा पडला होता, त्यात याचा अंगठा काही केल्या बसेना. मोबाइलवरच्या व्हिडिओत लेथ चालवणारी सगळी माणसं तर याच्यासारखीच उभी राहायची. माझं डोकं फिरलं, त्याचं तर बंदच पडलं.

"अनु, मशीन बरोबर आहे, मीपण बरोबर आहे. मग वाट कुठे लागतेय?"

सासूबाई आत घेवडा निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ते पायडल डावीकडेच होतं रे. डबा द्यायला जायचे तेव्हा बघायचे ना मी. ते डावखुरेच होते."

"कोण, बाबा?"

बाबा तर उजव्या हाताने जेवायचे, उजव्यानेच सही करायचे. आणि लहानपणी निलेशने डाव्या हातात पेन्सिल धरली की बोटांवर बाबांची फूटपट्टी बसायची, ते मी लग्नापासून ऐकतेय.

"घरात उजवा. तुझ्या आजीने डावा हात बांधून शिकवलेला. दुकानात कोण बघतंय?"

"मग मला का मारलं?"

सासूबाई घेवडा निवडत राहिल्या. मला सासऱ्यांचा भयंकर राग आला, आणि गेलेल्या माणसावर रागावून करायचं काय तेही कळेना.

निलेशने पायडल परत डावीकडे घेतलं. पटाशी डाव्या हातात धरली. अंगठा खळग्यात बसला. लाकडाची लांब सलग साल सुटली आणि माझ्या तुळशीच्या कुंडीत पडली. तो थांबला नाही.

"आई, दर सुट्टीत मी दुकानात न्या म्हणून रडायचो. एकदाही नेलं नाही त्यांनी."

"तू बघितलं असतंस ना," सासूबाई म्हणाल्या.