कारखान्याच्या उंबऱ्याबाहेरची टिकली

मी एक म्हातारी टेरियर कुत्री आहे. अंग पांढरं आणि कपाळावर एकच काळा ठिपका, म्हणून माझं नाव टिकली. मला नऊ वर्षं झाली. दात झिजले, एका डोळ्याला धूसर दिसतं, पण नाक अजून शाबूत आहे. मित्रांनो, गावातली इतर कुत्री अनोळखी माणसावर भुंकतात. आमची जात जमिनीवर भुंकते. भिंतीच्या कडेला बोटभर भोक दिसलं की आमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. आत कोण आहे, कधी शिरलं, दुसऱ्या कोणत्या वाटेने बाहेर पडणार, हे कळेपर्यंत आम्हाला घास गोड लागत नाही. संशय घेणं हेच आमचं काम.

माझा जन्म रोह्याला झाला, एका कंपनीच्या साहेबांच्या बंगल्यात. माझी आई तिथे धान्याची खोली आणि कोंबड्यांचं खुराडं राखायची. त्याच कंपनीत धनेश नावाचा माणूस शिफ्टला जायचा. त्याचा मामेभाऊ कमळाकर जोहे नावाच्या गावात गणपती बनवायचा. कमळाकरच्या घरी उंदरांनी भाताची कणगी पोखरली होती, म्हणून धनेशने साहेबांकडे एक पिल्लू मागितलं. मला बाजाराच्या पिशवीत घालून त्याने रोह्याहून गाडीत बसवलं. उतरायचं जिते स्टेशन येईपर्यंत मी पिशवीचा एक बंद कुरतडून संपवला होता.

अंगणात मला सगळ्यांनी पाहिलं. कमळाकर हसला. त्याची बायको पुतळी म्हणाली, "एवढीशी हाय. उंदीरच हिला घेऊन जायचा."

मग कमळाकरची थोरली बहीण इंदुबाई पुढे आली. सगळे तिला इंदुआक्का म्हणत. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तीच करायची. तिने माझा जबडा दोन बोटांनी उघडून दात बघितले आणि हात पदराला पुसला.

पंधरा दिवसांत मी कणगीजवळचे सात उंदीर मारले. आम्ही उंदराला मानेत धरतो, एक हिसडा देतो आणि टाकून देतो. खात नाही. पुतळी शेजारणींना बोलावून दाखवायची. इंदुआक्काला मात्र तेच खटकलं.

"मांजर मारते ती पोटासाठी," ती म्हणाली. "ही मारते आन टाकून देते. मग मारते कशापायी? माझा नाय विश्वास हिच्यावर."

आणि तिने माझ्यासाठी एक नियम केला. घरात, पडवीत, कणगीखाली मी काय हवं ते करावं. पण अंगणापलीकडच्या मूर्तींच्या कारखान्याचा उंबरा मी ओलांडायचा नाही. त्या घरची रीत होती, की वर्षाची पहिली मूर्ती घडली, तिची पूजा झाली, की चतुर्थीला शेवटची मूर्ती बाहेर पडेपर्यंत कारखान्यात उंदीर मारायचा नाही. ते देवाचं वाहन. सापळा नाही, औषध नाही. उलट इंदुआक्का रोज सकाळी पळसाच्या पानावर मूठभर भात कारखान्यात ठेवायची. उंदीरमामाचं पोट भरलं की तो मूर्तींच्या वाटेला जात नाही, असं ती म्हणायची. मूर्ती ठेवायच्या मोठ्या बांबूच्या मांडणीच्या पायाशी, गोणपाटाच्या आडोशाला ते पान असायचं. दुपारपर्यंत ते रिकामं झालेलं बघून ती समाधानाने म्हणायची, "मामा जेवला."

मी उंबऱ्याबाहेर बसून नाक वर करायचे आणि मला तो वास उंदराचा वाटायचा नाही.

ब्याण्णव सालच्या श्रावणात गोष्टी बिघडू लागल्या. मोठ्या मांडणीवर बावीस मूर्ती वाळून रंगून तयार होत्या. रोज सकाळी त्यातल्या एखादीचा कान तुटलेला दिसे, कधी मुकुटाचं टोक, कधी बोट. कमळाकर ओल्या शाडूने सांधून द्यायचा, दुसऱ्या दिवशी दुसरीचा कान जायचा. इंदुआक्काने आधी पुतळीवर संशय घेतला, की तिचा पदर लागत असणार. पुतळी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी इंदुआक्काची नजर माझ्या पायांवर गेली.

माझे पाय पांढऱ्या मातीने भरले होते. तोंडालाही शाडू लागला होता.

"बघ," ती भावाला म्हणाली. "अजून काय पुरावा पायजे?"

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी वाया गेलेल्या शाडूचा ढीग होता. त्याच्या आडून जमिनीखाली एक वाट आत जात होती आणि मी बाहेरून ती उकरत होते. आत मी एकदाही गेले नव्हते. पण माझे पाय माझ्याच विरुद्ध बोलत होते.

कमळाकर कसाबसा म्हणाला, "आक्का, तिनं कधी घरातलं भांडं तरी पाडलं काय?"

"घरात नाय पाडलं. घरात तिला भात मिळतो," आक्का म्हणाली. "धनेश सोमवारी येतोय ना? त्याच्याबरोबर जाऊ दे हिला. गणपतीला वीस दिवस राह्यलेत. मला एक मूर्ती गमवायची नाय."

त्या दिवसापासून मला अंगणातल्या पेरूला सुंभाने बांधलं. जाणारे येणारे माझ्याकडे चोराकडे बघावं तसे बघायचे. पुतळीसुद्धा भाकरी लांबून टाकायची. मीही मग सगळ्यांकडे तशीच बघू लागले.

शनिवारी भर दुपारी कमळाकर आणि पुतळी घरात जेवत होते. इंदुआक्का एकटीच कारखान्यात होती. डोळे आखताना तिला आजूबाजूला कोणी लागत नसे, श्वाससुद्धा ती धरून ठेवायची. मोठ्या मांडणीच्या पुढ्यातच ती पाटावर बसली होती. मी पेरूखाली जमिनीला कान लावून पडले होते. खालून खरवडल्याचा आवाज आला. मग बांबू करकरला. मग पुन्हा खरवडणं, आणि पुन्हा करकर.

मी सुंभाच्या फासातून मान ओढून काढली. कानाची कातडी सोलली. अंगण ओलांडून पहिल्यांदाच मी तो उंबरा ओलांडला आणि थेट मांडणीच्या पायाशी जाऊन गोणपाट उकरू लागले.

इंदुआक्काने शाडू मळायची फळी उचलून माझ्या पाठीत घातली. "धरली बघ तुला," ती म्हणाली. दुसरा फटका कमरेत बसला. मी उकरणं थांबवलं नाही. गोणपाट बाजूला झालं आणि तिसऱ्या फटक्याला उचललेली फळी तिच्या हातात तशीच राहिली. मांडणीचा पाय अधांतरी होता. त्याच्याखाली घागर मावेल एवढा पोकळ खड्डा होता आणि बांबू त्यात सरकत होता.

तिने फळी टाकली आणि मांडणीला खांदा लावला.

"पुतळे, धाव गो. कमळाकरा, मांडणी चालली."

त्याच वेळी खड्ड्यातून ती बाहेर आली. मांजराएवढी घूस, मानेवरचे केस उभे. तिने आधी माझा ओठ फाडला. मग मी तिची मान धरली. उंदराला एक हिसडा पुरतो, तिला किती दिले ते मला आठवत नाही. कमळाकर उष्ट्या हाताने धावत आला, त्याने बांबू पेलला, पुतळीने एकेक मूर्ती उतरवून बाहेर नेली. दोन फुटल्या. वीस वाचल्या. मांडणी कोसळली असती तर पुढ्यात बसलेल्या आक्काच्याच अंगावर आली असती.

सगळं शांत झाल्यावर इंदुआक्का दुखरे गुडघे टेकून खाली वाकली. खड्ड्यात घुशीने मागाहून ओढून नेलेली पळसाची पानं होती, ढीगभर, आणि कुजलेला भात. रोजचा तिचाच भात. घुशीने तो साठवून घर वाढवलं होतं. मांडणी रोज केसभर कलायची आणि मूर्तींचे कान एकमेकांवर आपटायचे.

कमळाकर हळूच म्हणाला, "आक्का, रीत मोडली टिकलीनं. कारखान्यात मारलंन."

तिने खड्ड्यातलं एक पान उचलून बाहेर टाकलं. मग म्हणाली, "देव घुशीवर बसलेला कोणी बघितलाय?"

पुतळीला हसू आवरेना. कमळाकरने तोंड फिरवलं.

सोमवारी शिफ्ट संपवून धनेश पिशवी घेऊन आला. माझा ओठ सुजला होता. इंदुआक्का दोन दिवस हळद लावायला जवळ यायची आणि मी गुरगुरत मागे सरायचे. तिच्या हातचं दूध मी शिवत नव्हते. पाठीत अजून फळी दुखत होती.

"चला टिकलीबाई," धनेश म्हणाला.

"नेऊ नको," इंदुआक्का म्हणाली.

"का गो? तुझाच तर निरोप होता, की कुत्रीवर भरवसा नाय."

"माझा बसला. तिचा माझ्यावर बसायचाय. तवर राहू दे."

मित्रांनो, तो बसायला चार महिने लागले. आता कारखान्यात फरशी घातली आहे, नवी कणगी पत्र्याची आहे, आणि मला फारसं काम उरलेलं नाही. लोक येता-जाता मला ओलांडून जातात. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की कोणाचे पाय मातीने भरलेले दिसले तर लगेच फळी उचलू नका. संशय जरूर घ्या, मी स्वतः जन्मभर घेतला. पण तो घेऊन उभ्या-उभ्या निकाल देऊ नका. इंदुआक्कासारखे गुडघे टेका आणि जमिनीखाली काय आहे ते आधी बघा. आणि फटका चुकून बसलाच, तर हळद घेऊन रोज जा. समोरचा गुरगुरला तरी जा.