अक्कांच्या बारा कॅसेटींची पिशवी

मित्रांनो, नयनाच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला लटकलेली जुनी कापडी पिशवी मी. माझा एक बंद उसवला आहे, तळाला हळदीचा डाग आहे, आणि माझ्या पोटात बाजारातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या असतात. पण एके काळी मी माणसाचा आवाज वाहून नेला होता. तो नेला, आणि परत मात्र आणला नाही.

माझा जन्म १९९५ सालचा, बंगळूरचा. मल्लेश्वरममध्ये सत्यवती अक्का राहायच्या. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, ते इथलेच झाले. अक्कांची मराठी जुनी होती, आणि तिच्यात कन्नड शब्द भाजीतल्या मोहरीसारखे तडतडायचे. दर रविवारी दुपारी त्या टेपरेकॉर्डरसमोर बसून एक गोष्ट सांगत. सुरुवात ठरलेली असे, "स्वल्प बसा, गोष्ट ऐका." शेवटही ठरलेला, 'बरं'ऐवजी कन्नड 'सरी' म्हणून, "सरी, आता उठा. पुढच्या घरी नेऊन द्या."

ती कॅसेट मग मराठी घरांतून फिरे. नक्कल करायला अक्कांची सक्त मनाई होती. ऐकून झाली की पुढच्या घरी स्वतः चालत जाऊन द्यायची. "त्या निमित्तानं दारात उभं राहून चार शब्द बोलाल की," त्या म्हणत. बसवनगुडीपासून पीण्या भागातल्या कारखान्यांजवळच्या खोल्यांपर्यंत कॅसेट हिंडून परत येई. अशा बारा कॅसेटी झाल्या. प्रत्येकीची एकच प्रत.

नयना अक्कांच्या माडीवर भाड्याने राहायची. ती पुण्याहून लग्न होऊन आलेली, चित्रकलेचे शिक्षण घेतलेली. मराठी मंडळाने संक्रांतीच्या मेळाव्यासाठी अक्कांच्या गोष्टींवरून पिशव्या, पेले आणि बिल्ले करायचे ठरवले, तेव्हा नक्षीचे काम तिच्याकडे आले. त्याच सुमाराला डॉक्टरांनी अक्कांना सांगितले की घशातली गाठ काढावी लागेल, आणि तिच्याबरोबर आवाजही जाईल. अक्का घरी आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ दे. बारा कॅसेटी आहेत नव्हं."

नयनाने पहिल्यांदा एक चष्मेवाली आजी काढली.

"ही कोण ग म्हातारी?" अक्का म्हणाल्या. "मी असली बोळकी दिसते? आधी ऐक, मग काढ."

म्हणून नयना बाराही कॅसेटी माडीवर घेऊन गेली. ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आले, की गोष्टींच्या मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, रिक्षा आहेत, आणि दर रविवारी एकाच वेळी येणाऱ्या फुलवालीची हाक आहे. तिने खिडकी काढली. खिडकीखाली मोगऱ्याची टोपली, टोपलीतून निघालेला गजरा, आणि गजऱ्याची हळूहळू होत गेलेली कॅसेटची फीत. खाली शब्द, "स्वल्प बसा, गोष्ट ऐका." पीण्या भागातल्या एका छोट्या छापखान्यात तो ठसा पहिल्यांदा माझ्या अंगावर उमटला. अक्कांनी माझ्यावरून हात फिरवला. तेवढे कौतुक मला पुढे कधी मिळाले नाही.

मंडळाचे चिटणीस मानसिंगराव. बदली होऊन दोनच वर्षांपूर्वी आलेले, अतिशय उत्साही गृहस्थ. त्यांनी मला उजेडात धरून पाहिले.

"वा! पण हे 'स्वल्प' कशाला? 'थोडं' लिहा. पुण्याचे पाहुणे यायचेत, हसतील."

"हसू देत की," अक्का म्हणाल्या. "हसले म्हणजे ऐकलं."

मेळाव्यासाठीच्या दोनशे पिशव्यांवर "थोडं बसा" छापले गेले. 'स्वल्प' राहिले फक्त माझ्यावर.

दवाखान्यात जाण्याआधी नयना म्हणाली, "अक्का, कॅसेटींच्या पाठीवरच्या या प्लास्टिकच्या खुंट्या मोडून टाका. मग वर दुसरं काही टेप होत नाही."

"चांगल्या वस्तूची मोडतोड कशाला ग? वर लिहून ठेवते की."

आणि त्यांनी बाराही कॅसेटींच्या चिठ्ठ्यांवर लिहिले. जुन्या घरांतल्या पुष्कळ जणांसारखी अक्का मराठी लिहायच्या ती कन्नड अक्षरांत. नयनाला ती अक्षरे येत नव्हती. मानसिंगरावांनाही नाही.

शस्त्रक्रिया झाली. अक्कांच्या हाती पाटी आली. मेळाव्यात त्यांची एक गोष्ट कर्ण्यावर लावायचे ठरले, म्हणून नयनाने बारा कॅसेटी माझ्यात भरल्या आणि मला मंडळाच्या खोलीत ठेवून आली. "यात अक्कांचं सामान आहे," एवढेच ती दारातल्या माणसाला सांगून गेली. मित्रांनो, त्या आठवड्यात तालमी जोरात होत्या. मानसिंगरावांना समूहगीत टेप करायचे होते, नाटक टेप करायचे होते, स्वतःचे भाषणही. कोऱ्या कॅसेटी संपल्या. त्यांनी माझ्यात हात घातला, कन्नड चिठ्ठ्या पाहिल्या आणि म्हणाले, "जुनी कन्नड गाणी दिसतात कुणाची तरी. चालतील." एकामागून एक बाराही त्यांनी बाहेर काढल्या, आणि टेप झाल्यावर परत माझ्यात टाकल्या. मी पिशवी. माझे तोंड उघडे असते, पण मला ओरडता येत नाही.

संक्रांतीला सभागृह भरले. तिळगूळ होता, इकडचे तीळ, गूळ नि खोबऱ्याचे एळ्ळु-बेल्लाही होते. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर मी, मांडीवरच पाटी. नयनाने कळ दाबली.

"आदरणीय अध्यक्ष महोदय," मानसिंगरावांचा आवाज आला.

लोक हसले. तिने दुसरी लावली. समूहगीत. तिसरी लावली. नाटक. चौथीवर पुन्हा मानसिंगराव, आणि ते भाषण संपल्यावर थोडी खरखर झाली. मग उरलेल्या फितीतून अक्का बोलल्या, "सरी, आता उठा. पुढच्या घरी नेऊन द्या."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटले, सारे ठरवूनच केले आहे. पुण्याचे पाहुणे तर म्हणाले, "काय कल्पकता!"

अक्कांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाराही कॅसेटी माझ्यात परत ठेवल्या. नयना रडत होती. तिच्यासमोर त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिले. तिला वाचता येईना.

"काय म्हणतात त्या?" मानसिंगरावांनी विचारले.

मागच्या रांगेतल्या एका बाईने वाचून दाखवले, "स्वल्प बस."

दोनशे पिशव्या त्याच दिवशी संपल्या. इलेक्ट्रॉनिक सिटीला कामावर जाणाऱ्यांच्या खांद्यांवर त्या कित्येक वर्षे दिसत. नक्षीला बक्षीस मिळाले. मानसिंगराव घरी येऊन अक्कांच्या पाया पडले आणि पुढच्या बदलीला निघून गेले. पिशवीवरची गोष्ट कोणती, असे कुणी विचारले नाही. अक्का त्यानंतर चार वर्षे जगल्या, पाटीवर.

त्या गेल्यावर नयना कन्नड अक्षरे शिकली. एका दुपारी तिने माझ्यातून कॅसेटी काढल्या आणि बोट ठेवून चिठ्ठ्या वाचू लागली. वरच्या ओळीत गोष्टीचे नाव होते. खालच्या ओळीत, बाराही चिठ्ठ्यांवर, एकच वाक्य होते.

"हे पुसू नका."

मित्रांनो, माझ्यासारखी पिशवी फाटली तर दुसरी शिवता येते. म्हणून मला जपू नका. ज्या माणसाच्या नावाने पिशव्या कराल, त्या माणसाने हाताने काय लिहून ठेवले आहे, ते आधी वाचायला शिका. वेळ लागेल. स्वल्प बसा.