खडीचा आवाज

दर मे महिन्यातल्या एका शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये छत्री नावाच्या शाळेची मुलं जमत. वर्षभरात शिकलेली एकच गोष्ट प्रत्येकाने उभं राहून सांगायची, आयांनी घरून करून आणलेलं सगळ्यांनी मिळून खायचं आणि आपापल्या घरी जायचं. परीक्षा नाही, गुण नाहीत. शाळा चालवणाऱ्या व्हर्लीन टिडवेलला अख्ख्या वर्षात याच दिवसाची ओढ असे. खुर्च्या ती स्वतः मांडी, आणि बुटक्या मुलांना उभं राहायला एक लाकडी खोकं पुढे ठेवी.

शाळेचं खरं नाव लांबलचक होतं, पण त्या भागात सगळे तिला छत्रीच म्हणत. अलाबामाच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात ज्यांना मुलं घरीच शिकवायची असत, ते चर्चच्या या शाळेत नाव घालत. नाव शाळेचं, शिकवणं आईबापांचं. काय शिकवायचं, कधी, कोणत्या पुस्तकातून, ते ज्याचं त्याने ठरवायचं. हजेरीही आईबापांनीच कळवायची. सरकारी कचेरीतून विचारणा झाली की व्हर्लीनने एवढंच म्हणायचं, "आमचं आहे ते मूल." तेवढ्याने घर कोरडं राही.

आणि एक नियम होता, व्हर्लीननेच घातलेला: आपण कुणाच्या दाराशी जायचं नाही.

तिच्या स्वतःच्या दाराशी एकदा माणूस आला होता. तिचा मुलगा लाइल बोलताना अडखळायचा. वर्गात पोरं त्याची नक्कल करायची, आणि मास्तरही हसायचे. तिने त्याला शाळेतून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, तर शेरीफचा शिपाई कमरेला पिस्तूल लावून दारात हजर. लाइल टेबलाखाली शिरला तो जेवणवेळेपर्यंत बाहेर आला नाही. आज तो मोबीलच्या बंदरात जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो आणि त्याला मुलीही आहेत. पण टेबलाखालून दिसणारे ते पोटाशी घेतलेले पाय व्हर्लीन विसरली नव्हती.

नियम चांगला आहे, हे दर मे महिन्यात दिसायचं. यंदाही बकऱ्या पाळणारा एक मुलगा खोक्यावर चढला आणि खुराकाच्या बादल्या मोजता मोजता आपल्याला अपूर्णांक कसे आले ते सांगून गेला. एका मुलीने आजोबांच्या ट्रॅक्टरचं कार्ब्युरेटर खोलून परत जोडलं होतं. शेवटी एक स्क्रू उरला, असं ती म्हणाली, तेव्हा तिच्या आजोबांनी मागून सांगितलं की म्हणूनच आज मी चालत आलो. लोक पोट धरून हसले.

मग टॅन्सीची पाळी आली.

टॅन्सीचा सावत्र बाप गेलन रस्क गेल्या सप्टेंबरात तिचं नाव घालायला आला होता. टोपी हातात घेऊन बोलणारा, वाक्यावाक्याला "मॅडम" म्हणणारा माणूस. टॅन्सी अकरा वर्षांची. तिची आई मेरिली बाहेर गाडीतच बसून होती. पाठ दुखते तिची, गेलन म्हणाला. टॅन्सी कपाटातल्या पक्ष्यांच्या पुस्तकापाशी उभी राहिली ती हलेचना. ते पाहून व्हर्लीन हरखली. दर बुधवारी पुस्तकं बदलायला पाठवा म्हणाली, आणि पानगळीतले ते सगळे बुधवार तिने त्या पोरीला चर्चमागच्या ओक झाडांखाली नेऊन पक्षी ऐकायला शिकवलं. डोळे मीट. आवाज कुठून येतोय? जवळ येतोय की लांब चाललाय? गातोय की घाबरलाय? डोळ्यांना फसवता येतं बाळा, कानांना नाही. पोरगी अशी तल्लख, की सुतारपक्षी वाळक्या फांदीवर बसलाय की ओल्या, हे ती नुसत्या ठोक्यावरून सांगू लागली. इतक्या वर्षांत व्हर्लीनला असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

नाताळानंतर ते बुधवार बंद पडले. फेब्रुवारीत सरकारी कचेरीतल्या डनवेबाईंचा फोन आला. रस्क नावाच्या घरची एक मुलगी शाळेच्या वेळात, कडाक्याच्या थंडीत, कोट न घालता अंगणात तासन्‌तास उभी असते, असं कुणा शेजाऱ्याने कळवलं होतं. तुमच्याकडची आहे का?

व्हर्लीनच्या डोळ्यांपुढे लाइलचे पाय आले. "आमचीच आहे," ती म्हणाली. "पक्ष्यांचा अभ्यास करते ती. त्याला उभं राहावंच लागतं."

डनवेबाई हसल्या, आभार मानून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी व्हर्लीनला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता.

आता टॅन्सी खोक्यावर उभी होती. मे महिन्याच्या उकाड्यात अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा. केस कुणीतरी कात्रीने वाटेल तसे कापलेले. हात मांड्यांना चिकटवून ती सरळ उभी राहिली.

"मी खडी ऐकायला शिकले," ती म्हणाली. "आमच्या घराची वाट खडीची आहे. वर रस्त्याला फाटक आहे, तिथून उतार. टपालाची गाडी एका कडेने येते, म्हणून तिची खडी एकाच बाजूला वाजते. गॅसवाल्याची गाडी जड. ती खडी दाबते, उडवत नाही. गेलनचा ट्रक जोरात आला आणि खडी खालून पत्र्यावर ताडताड लागली, तर त्याचा दिवस बरा गेला असं समजायचं."

हॉलमध्ये हशा पिकला. भिंतीला टेकून उभा असलेला गेलनही हसला.

"पण कधी कधी तो वर फाटकापाशीच इंजिन बंद करतो आणि ट्रक उतारावरून नुसता सोडून देतो. तेव्हा खडी अगदी हळू बोलते. खारीने पाचोळा चाळवावा तशी. ते ऐकणं सगळ्यात अवघड. मला सगळा हिवाळा लागला."

"मग ऐकू आलं की काय करतेस?" बकऱ्यांच्या मुलाने विचारलं.

टॅन्सी त्याच्याकडे न बघता व्हर्लीनकडे बघत होती. "मग गेलनने ज्याला जिथे ठेवलं असेल, त्याने तिथे जाऊन उभं राहायचं. तो पोचायच्या आत."

दोघातिघांचं हसू अर्ध्यातच थांबलं. गेलन पुढे आला, त्याने तिला खोक्यावरून खाली घेतलं. "सशाचे कान आहेत पोरीला," तो सगळ्यांना म्हणाला. "लपाछपी खेळतो आम्ही." लोकांना हायसं वाटलं. टाळ्या झाल्या. व्हर्लीनचे हातही सवयीने एकमेकांवर आपटले. मग तिला कळलं की आपण टाळ्या वाजवतो आहोत, आणि तिने हात मांडीवर ठेवले. डोळे मीट, कुठून येतोय, जवळ येतोय की लांब. शिकवण तिचीच होती. पोरीने ती कशाला लावली, ते तिने आत्ता ऐकलं होतं.

जेवणाच्या टेबलाशी तिने टॅन्सीला गाठलं. पोरीने एक उकडलेलं अंडं खाल्लं आणि दुसरं कागदी रुमालात गुंडाळलं. आईसाठी, म्हणाली. आई का नाही आली, असं व्हर्लीनने विचारलं, तर ती रुमालाची टोकं नीट दुमडत राहिली. दुमडून झाल्यावर अगदी हळू म्हणाली, "मिस व्हर्लीन, तुमच्या गाडीचा आवाज तेवढा मला माहीत नाही."

त्यात रुसवा नव्हता, रागही नव्हता. अभ्यासात राहिलेली एखादी गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली. तेवढ्यात गेलनचा हात तिच्या खांद्यावर आला. "मॅडमना त्रास नको देऊ," तो म्हणाला, आणि ती दोघं गेली.

खुर्च्या आवरताना व्हर्लीनने पाद्री ब्रदर क्लेलना सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर व्हर्लीन, आज एका दाराशी गेलात तर उद्या सगळी दारं आपल्याला बंद होतील. लोक छत्रीखाली का येतात, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?" शिवाय लपाछपीचं त्या माणसाने सांगितलंच होतं. शिवाय पोरीच्या अंगावर वळ तर कुणी पाहिले नव्हते. पुऱ्या बाह्यांच्या सदऱ्यातून ते दिसणार कसे, हे व्हर्लीनच्या मनात आलं, पण ती खुर्च्या रचत राहिली. रविवार प्रार्थनेत गेला. सोमवारी सकाळी मात्र तिने गाडीची किल्ली उचलली.

रस्क यांचं फाटक उघडं होतं. व्हर्लीन उभ्या जन्मात गाडी जोरात चालवणारी नव्हे, पण त्या उतारावर तिने पाय दाबला. खडी ताडताड पत्र्यावर लागू दे. आत असेल त्या पोरीला कळू दे की हा आवाज नवा आहे.

खाली घर रिकामं होतं. दार सताड उघडं, केर काढलेला, चुलीवरचं पातेलंही नेलेलं. अंगणात एका जागी, हातभर लांबीरुंदीत, गवत उगवलंच नव्हतं. तिथे माती पायांनी दाबून दाबून गुळगुळीत झालेली. व्हर्लीन त्या जागेला वळसा घालून मागे गेली. विहिरीच्या पंपाची खोली होती, तिच्या दाराला नवीकोरी कडी होती, आणि ती बाहेरून बसवलेली होती. आत एक उशी, पाण्याची बाटली आणि घरात घालायची बायकी सपात. एकच.

चर्चच्या कचेरीत परतून तिने डनवेबाईंना फोन लावला. त्या गोंधळल्या. "पण फेब्रुवारीत तर तुम्हीच..."

"मीच म्हणाले होते. न बघता म्हणाले. आता बघून आले आहे."

शेरीफच्या माणसांना त्या घराकडे पाठवते, डनवेबाई म्हणाल्या, पण कुटुंब गेलं कुठे? ते व्हर्लीनला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. ती फोनशेजारी बसून राहिली.

दुपारी फोन वाजला. पलीकडे एक गोड, म्हातारा आवाज होता. शेजारच्या टेनेसी राज्यातल्या एका चर्चची अशीच शाळा, आणि ती चालवणारी आयडा नावाची बाई. "तुमच्याकडचं एक कुटुंब आलंय हो आमच्याकडे. रस्क. काय सभ्य माणूस! बिचाऱ्याची बायको वारली म्हणे. मुलगी तुमच्याकडे होती ना? तुम्ही एकदा हो म्हणालात की झालं."

शनिवारी त्या पोरीने आईसाठी अंडं गुंडाळून नेलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "मी हो म्हणणार नाही. ती माणसं उतरली कुठे आहेत, ते मला सांगा. आणि शेरीफला बोलवा."

आवाजातला गोडवा तसाच ठेवून आयडा म्हणाली, "आपण कुणाच्या दाराशी जात नसतो हो. तुम्हाला तरी हे सांगायला नको."

"तो नियम मी केलाय," व्हर्लीन म्हणाली. "मला ठाऊक आहे तो काय करतो. मुलगी कुठे आहे?"

"ही काय, इथेच, माझ्यासमोर बाकावर. गेलन म्हणाला, पेट्रोल भरून येतो, तोवर हिचं वाचन बघा. पक्ष्यांचं पुस्तक चाळत बसलीये गुणाची." आयडा थबकली. "अगंबाई. पुस्तक मिटलं तिने. कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीये. काय झालं गं बाळा?"

व्हर्लीन उठून उभी राहिली. "तुमच्या चर्चपुढे खडी आहे?"

"आहे की. का?"

"उतार आहे?"

"आहे. हा काय, त्याचा ट्रक आलाच. कमाल आहे, वर रस्त्यावरच इंजिन बंद केलं त्याने. गाडी नुसती घरंगळत येतेय."

"आयडाबाई, दाराला आतून कडी घाला. मी तुमच्या पाया पडते. काही विचारू नका. आधी कडी घाला, मग शेरीफला फोन करा."

आयुष्यभर पाळलेला नियम पलीकडे उभा होता, आणि व्हर्लीन त्याला चांगलं ओळखत होती. तिने डोळे मिटले आणि ऐकू लागली. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. म्हाताऱ्या पायांची चाल, जवळ नाही, लांब जाणारी. मग लोखंडावर लोखंड सरकलं आणि कडी बसली.

त्यामागून, अगदी हळू, खडी ऐकू आली.