गोड नसलेली साखर

पहिला दगड प्रयोगशाळेच्या खिडकीतून आला. निकिताने छकुलीला टेबलाखाली ढकललं आणि मगच ती किंचाळली.

अंगणवाडीला सुट्टी, म्हणून चार वर्षांच्या लेकीला ती आज कामावर घेऊन आली होती. आणताना तीनदा मनात आलं होतं, नको, तिथं अ‍ॅसिड असतं, काच असते. पण ठेवणार कुणाकडे?

कळस गावच्या माळावर आप्पासाहेबांचा हा लहानसा कारखाना. उसाच्या चोथ्यातल्या सेल्युलोजपासून इथं साखर काढत. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. ती तोडत आणली की दोन-दोन मण्यांचे तुकडे हाती लागतात, त्यांचं नाव सेलोबायोज. औषधाच्या गोळ्यांत घालायला कंपन्या ही पांढरी पूड मागवत. एमएस्सी झालेली निकिता इथली एकटीच केमिस्ट.

बाहेर आप्पासाहेबांचा आवाज चढला, "अरे ऐकून तरी घ्या..." आणि काठीचा आवाज झाला. दारातून तिला दिसलं, आप्पासाहेब ओट्यावर आडवे, कण्हत, कपाळ लाल.

त्यांना ओलांडून मेंढपाळ मानसिंग आत आला. मागं पाच-सहा जण, कुणाकडं काठी, कुणाकडं कुऱ्हाड. खांद्यावरची मेलेली मेंढी त्यानं टेबलावर आदळली. बाटल्या खळाखळा फुटल्या.

"एकोणीस मेल्या सकाळपास्नं! काय इख कालवलंस रानात, म्याडम?"

मेंढीचं पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. ते बघितलं आणि हे कशानं झालं ते निकिताला कळलं.

काल संध्याकाळी साखरेचा एक घाणा बिघडला होता. नुसता गोडसर, आंबूस लगदा. त्यातलं अ‍ॅसिड पूर्ण मेलंय ना, एवढं तिनं दोनदा तपासलं आणि मागच्या मोकळ्या रानात ओतायला सांगितलं. त्याच रानात आप्पासाहेबांनी, दर वर्षीसारखं, लेंडीखतासाठी मानसिंगचा कळप बसवायला बोलावला होता. तिनं त्यांना सांगितलं नाही, त्यांनी तिला.

माणसाच्या पोटाला ती दोन मण्यांची जोडी फोडता येत नाही. मेंढीच्या पोटातले जंतू मात्र लगेच फोडतात, आणि पोटभर खाल्लं तर आतल्या आत आंबून अ‍ॅसिड होतं आणि जनावर मरतं. हे तिला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं.

"विष नाही ते," ती म्हणाली. "साखर आहे."

मानसिंगनं फळीवरची बरणी उघडली, बोट बुडवून चाटलं आणि थुंकला.

"ही साखर? बारामती-इंदापुरात जल्मलो आमी, आन् आमाला साखर कळंना व्हय? गोड कुठं हाय ही?"

"फारशी गोड नसतेच ती..."

"घ्या! मग मीठ बी साखरच की!" मागून एकजण खिदळला.

मानसिंगनं बरणी टेबलाच्या कडेवर फोडली. पूड आणि काचा एकत्रच पसरल्या. मग खाली वाकून त्यानं छकुलीला दंडाला धरून बाहेर ओढलं. पोरीनं टाहो फोडला. दुसऱ्या हातानं त्यानं टेबलावरची पूड तळव्यात गोळा केली.

"साखर हाय न्हवं? मग चार हिला. तुज्या हातानं."

चिमूटभर पुडीनं छकुलीला काही होणार नव्हतं. उलट तिनं चाटली की ही माणसं गार पडली असती, रानातल्या लगद्याचं नाव कुणी काढलं नसतं. निकिता सुटली असती. पण मानसिंगच्या तळव्यात पुडीबरोबर काचेचा चुरा होता, तसाच पांढरा, फक्त चमकणारा.

"काच आहे त्यात!"

"काच म्हन न्हायतर इख म्हन." तळवा पोरीच्या तोंडाशी गेला.

निकितानं त्याच्या मनगटावर झडप घातली आणि तळव्यातलं सगळं आपल्या तोंडात कोंबलं. जिभेवर काहीतरी कचकन तुटलं. ओठातून रक्त हनुवटीवर आलं.

"मानश्या! सोड ती पोर!" दारात त्याची आई, बनाबाई, ओरडली.

निकितानं लाल-पांढरा लगदा जमिनीवर थुंकला. "बघा, विष नाही." इथं थांबता आलं असतं. ती थांबली नाही. "पण तुमच्या मेंढ्या यानंच मेल्या. रानात ओतायला मीच सांगितलं."

मागून कुणाची तरी काठी तिच्या खांद्यावर बसली. आत काहीतरी कडकन वाजलं. ती पडली, तशीच विचारू लागली, "जिवंत किती आहेत? फुगलेल्या?"

"असतील तीस-चाळीस," बनाबाई म्हणाली.

"त्या कोपऱ्यात खायच्या सोड्याचं पोतं आहे. आम्ही तो अ‍ॅसिड मारायला वापरतो, पोटातलंही मारेल. पाण्यात कालवून पाजा. चरू देऊ नका."

मानसिंगनं पोत्यात हात घातला. "हे बी पांढरंच हाय."

त्यानं छकुली बनाबाईच्या कडेवर दिली. "पोर आमच्यापाशी ऱ्हाईल. मेंढरं उठली की न्ये. न्हाय उठली, तर बघतो."

निकिता एका हातानं रानात सोडा पाजत राहिली. दुसरा हात लोंबत होता. मानसिंग एकेका मेंढीची मान वर धरी, ती बाटली लावी. दोन मेंढ्या त्यांच्या हातातच गेल्या. प्रत्येक वेळी निकितानं बांधावरच्या बनाबाईकडं बघितलं, कडेवर छकुली आहे ना.

ऊन डोक्यावर आल्यावर एका काळ्या मेंढीनं लांबलचक ढेकर दिली. पुढचे गुडघे रोवले, पडली, पुन्हा रोवले आणि उभी राहिली. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी.

मानसिंग आईकडं न बघताच म्हणाला, "दे पोर."

बनाबाईनं छकुलीला खाली ठेवलं. पोर धावत आली, आणि दोन हात अंतरावर थबकली. आईच्या तोंडाला लागलेलं रक्त बघत राहिली.

निकिता गुडघ्यावर बसली, चांगल्या हातानं तोंड झाकलं आणि वाट बघू लागली.