लॅरीचे हात

हरून आलेल्या माणसाने निदान मान तरी खाली घालावी. लॅरी आला तो सरळ टेबलाशी बसला आणि बटाट्यांचं भांडं पुढ्यात ओढून सालं काढायला लागला. ऑनोरा क्विर्कला पोराचं हे वागणं मुळीच आवडलं नाही.

हरणं तरी कसलं? बेसबॉलच्या सामन्यात बफेलोवाल्यांच्या धावा सत्तावीस, आपल्या दोन. तिचा जर्मन जावई ऑगस्ट आज गावच्या संघाकडून पहिल्यांदाच चेंडू फेकायला उभा राहिला होता. उद्या सकाळी मॅनेजर त्याला नारळ देणार, हे सगळ्या गल्लीला कळून चुकलं होतं. ऑगस्ट मागच्या पायरीवर बसला होता, शेजारी त्याची बायको डीलिया. तो फाटकातून आत येताना ऑनोरानेच त्याला ऐकवलं होतं, "लेकीला उपाशी मारायला आलास का रे माझ्या घरात?"

तिने दर सामन्यानंतरच्या सवयीने कोमट मिठाच्या पाण्याचं घमेलं लॅरीपुढे ठेवलं. उघड्या हातांनी चेंडू अडवायचे, तर बोटं सुजायचीच.

"बुडव हात."

"आज नको गं आई."

"आजच हवंय. सात चेंडू सुटले तुझ्या हातून. मोजलेत मी."

"ऊन डोळ्यांवर होतं."

"ऊन तुझ्या पाठीवर होतं. डोळ्यांवर माझ्या होतं."

तिने त्याची मनगटं धरून हात उलटे केले. तीस वर्षं धुलाईखान्यात कॉलरींना इस्त्री करून तिची स्वतःची बोटं भाजून निघाली होती. हात काय सांगतात हे तिला शिकवायला नको होतं. हातून निसटणारा चेंडू जाता जाता नख काळं करतो, तळवा लाल करतो. इथे गेल्या आठवड्याचा पिवळा डाग तेवढा होता. चेंडूंना तो शिवलाच नव्हता.

ती खुर्चीवर टेकली. "कुणी ठरवलं?"

लॅरी बटाट्याकडे बघत राहिला. "सगळ्यांनीच. पॅट्सीला काढून त्याच्या जागी याला फेकायला घेतलं ना. चार वर्षं आमच्यात होता तो. मी एकटा कसा वेगळा पडू?"

"ऑगस्टला या घरात तूच आणलंस. असा फेकणारा बघितला नाही म्हणालास. तुझ्या शब्दावर मी लेक दिली."

"त्याला दुसरा संघ मिळेल."

"सत्तावीस धावा दिलेल्याला? कोण घेईल, आंधळ्यांची शाळा?"

पायरीवरचा ऑगस्ट उठून दारात आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. ऑनोराने त्याच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका जर्मनापुढे तिची नजर खाली गेली. मग तिने बटाट्यांचं भांडं उचलून ऑगस्टच्या हातात दिलं आणि पोराकडे वळली.

"उद्या मॅनेजरच्या दारात याच्या आधी तू उभा राहशील आणि हे हात दाखवून काय केलंत ते सांगशील. तोवर या घरात तुझं ताट नाही. सांगून आलास की पाणी तापवून ठेवीन. पॅट्सीचे दोस्त तुला सुजवल्याशिवाय सोडणार नाहीत, आणि मी त्यांना अडवणार नाही."