सुटं टोक

आप्पा जन्मभर वायरमन होते. निवृत्तीनंतरही कुठे वायरचं सुटं टोक दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

धाकट्या सुनेने एकमेकांना जोडायचे चार चार्जर आणले, तेव्हा आप्पांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. प्रत्येकाला आखूड शेपटी. ती शेजारच्याच्या पाठीत खोचायची, पहिल्याची मात्र भिंतीत. दोन्ही सुनांना आणि धाकट्या मुलाला उभं करून त्यांनी हे तीनदा समजावलं. मग चार्जर टेबलावर झकास गोल मांडून, त्यांवर स्वतःचा आणि त्या तिघांचे फोन लावून तंबी दिली, "कुणी हात लावायचा नाही."

संध्याकाळी नातीचं नाटक होतं. निघताना बघतात तर चारही फोन ठार मेलेले.

"स्वस्तातले आणलेस ना?" आप्पा धाकटीवर डाफरले.

धाकटीने शेपट्यांवरून बोट फिरवलं. बोट फिरून पहिल्या चार्जरवरच आलं. आप्पांनी पहिल्याची शेपटी शेवटच्याच्या पाठीत खोचली होती, वर नीट चिकटपट्टीही मारली होती. भिंतीत काहीच नव्हतं.

"टोक सुटं दिसलं म्हणून..." आप्पा पुटपुटले, आणि मग स्वतःच पोट धरून हसत सुटले. घरभर हसू पसरलं.

"पण नाटकाचे फोटो?" थोरलीने विचारलं.

आप्पांच्या बायकोने, माईंनी, पर्समधून आपला फोन काढला. काठोकाठ भरलेला. "मी स्वयंपाकघरात जुन्याच चार्जरला लावला होता."

"माझ्यावर भरवसा नव्हता?"

"आहे ना," माई चपला घालत म्हणाल्या. "चव्वेचाळीस वर्षांचा आहे."